तुमच्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न

नागपूरच्या मिहानमधल्या आणि परसोडीच्या आयटी पार्कातल्या तमाम एचआर मंडळींना,

नमस्कार.

मागच्या सोमवारी एकाच सकाळी दोन मेल आले. पहिला नऊ वाजून दहा मिनिटांनी: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायचं, कार्ड पंच झालं नाही तर तो दिवस रजेत धरला जाईल. दुसरा अकराच्या सुमारास: 'कर्मचारी आनंद सर्वेक्षण', बावीस प्रश्न, शुक्रवारपर्यंत भरून द्या. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच एकानं लिहिलं, "आधी पाठीत घालायची अन् मग विचारायचं, दुखून राह्यलं का बे?"

मी नोकरी एकाच कंपनीत करतो, पण हे पत्र सगळ्यांना लिहितोय. कारण ग्रुपवर सहा वेगवेगळ्या कंपन्यांतले मित्र आहेत आणि गेल्या काही महिन्यांत आलेले सगळ्यांचे मेल शेजारीशेजारी ठेवले तर कंपनीचं नाव तेवढं बदललेलं दिसतं. तुम्ही मंडळी एकमेकांचं पाहून लिहिता, असा आमचा दाट संशय आहे.

यंदा सर्वेक्षण मराठीतही होतं. चांगली गोष्ट आहे. त्यातला सातवा प्रश्न असा: "आपली आपल्या कामातील गुंतवणूक किती आहे?" खाली एक ते पाच आकडे. मला आधी वाटलं, म्युच्युअल फंडाचं विचारताहेत. मग लक्षात आलं की 'एंगेजमेंट'ला कोणीतरी शब्दकोशातून हा शब्द काढून दिलाय. बायको म्हणाली, "साखरपुडा नाही लिहिला हे नशीब."

हसून झालं, पण मी त्या प्रश्नावर अडकलो तो अडकलोच. गुंतणं हा शब्द आपण कशाकशाला वापरतो? संक्रांतीला मांजा गुंततो. केस गुंततात. भावाभावांच्या भांडणात जमीन कोर्टात गुंतते. मूल नव्या शाळेत गेलं तर आजी विचारते, "रमला का?" तिथे 'गुंतला का' असं कोणी विचारत नाही. तुम्हाला विचारायचं होतं रमण्याबद्दल, आणि विचारलंत गुंतण्याबद्दल. आणि गंमत म्हणजे चुकून बरोबर प्रश्न विचारलात. घरून काम करताना आम्ही गुंततो, अगदी गळ्यापर्यंत. रमतो का, ते वेगळं. या पत्रात एवढंच सांगायचंय, बाकी सगळा तपशील.

२०२० च्या मार्चमध्ये मी पुण्यात होतो. ऑफिसनं सांगितलं, लॅपटॉप घरी न्या. रविवारी २२ तारखेला जनता कर्फ्यू होता. त्याच्या आदल्या शुक्रवारी रात्री आम्ही नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी ट्रॅव्हल्समध्ये बसून नागपूरला निघालो. दोन बॅगा आणि पंधरा दिवसांचा हिशेब. पुण्याचा फ्लॅट सहा महिन्यांनी रिकामा करायला गेलो तेव्हा फ्रिजमध्ये विरजण लावलेलं पातेलं तसंच होतं. ते उघडायची हिंमत झाली नाही, पातेल्यासकट फेकलं.

रेशीमबागेतल्या घरी टेबल नव्हतं. आईचं शिलाई मशीन होतं, जुनं, पायडलचं. मशीनचं डोकं आत पाडलं की वर सपाट फळी होते. त्या फळीवर मी पावणेदोन वर्षं नोकरी केली. लांबलचक कॉलमध्ये पाय आपोआप पायडलवर जायचे आणि खाली चाक फिरत राहायचं. पहिल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर होता आणि माझ्या पाठीमागे कूलर. ओहायोतला क्लायंट मध्येच थांबून म्हणाला, तुमच्याकडे जोरात पाऊस पडतोय वाटतं. मी हो म्हणालो. वाळ्याची ताटी आणि त्यावरून ठिबकणारं पाणी इंग्रजीत कुठं समजावत बसायचं?

त्या दिवसांबद्दल मी रडगाणं गाणार नाही. आमच्या कॉलेजच्या बॅचमधल्या बहुतेकांनी निकाल लागल्याबरोबर पुण्याची नाहीतर बेंगळुरूची गाडी धरली होती. आई-बाप नागपुरात आणि पोरं दिवाळीला, हाच रिवाज. घरून कामाच्या धामधुमीत त्यातले कितीतरी परत आले. मी वडिलांची शेवटची दोन वर्षं त्यांच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत काढली. याची किंमत तुमच्या कुठल्या रकान्यात बसते मला ठाऊक नाही. पुढे मी मिहानच्या शाखेत बदली मागून घेतली. पण ग्रुपवरचे दोघे अजून कागदोपत्री पुण्याच्या हिंजवडीचे आहेत. तुमच्या पाच दिवसांच्या फतव्याचा त्यांच्यासाठी अर्थ एकच: सामान बांधा.

आता गुंतण्याकडे येतो.

घरून काम म्हणजे आराम, हा समज अजून पुष्कळ साहेबलोकांच्या डोक्यात आहे. चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीनं २०१० साली हे नीट तपासून पाहिलं होतं, स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांना सोबत घेऊन. शांघायच्या कॉल सेंटरमधल्या ज्यांना घरून काम हवं होतं आणि जे निकषांत बसत होते, अशा सुमारे अडीचशे लोकांचे जन्मदिवस पाहिले. सम तारखेचे घरी, विषम तारखेचे ऑफिसात. नऊ महिने असं चाललं. घरच्यांचं काम १३ टक्के जास्त भरलं. त्यातला मोठा वाटा कशाचा? ते कॉल भराभर घेत होते म्हणून नव्हे, तर मुळात जास्त मिनिटं काम करत होते म्हणून. मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. म्हणजे माणूस घरी बसला की आळसावतो हे खोटं, उलट तो उठतच नाही. मशीनच्या फळीवर बसलेल्या मला हे कोणी शांघायहून सांगायची गरज नव्हती. चहा जागेवर, जेवण जागेवर, रात्री साडेदहाला "फक्त दोन मिनिटं" म्हणून उघडलेला लॅपटॉप बाराला बंद.

त्याच प्रयोगाच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली, जी सांगायला लोक विसरतात. कंपनीनं सगळ्यांना विचारलं, आता तुम्हीच ठरवा, घर की ऑफिस. घरून काम केलेल्यांपैकी निम्मे लोक ऑफिसात परत आले. प्रवास परवडला, म्हणाले, पण घरी एकटं वाटतं.

इथे मला आमच्या टीममधल्या एका पोराबद्दल सांगायचंय. चूक तुमची नाही, माझीच आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात तो रुजू झाला. साकोलीकडचा. मुलाखत ऑनलाइन, नेमणूकपत्र मेलवर, लॅपटॉप कुरिअरनं. मी त्याचा लीड. सोळा महिने चॅटवर त्याच्या नावापुढचा हिरवा दिवा सकाळी नऊला लागायचा तो रात्री आठला विझायचा. कामात चूक नाही, तक्रार नाही, कॅमेरा बंद. दर तिमाहीच्या आनंद सर्वेक्षणात आमच्या टीमचे आकडे झकास असायचे आणि मी ते वरच्यांना हौसेनं दाखवायचो. मग एका सोमवारी त्याचा राजीनामा आला. दुसरी नोकरी मिळाली होती का? नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये तो लॅपटॉप जमा करायला आला. त्याच आठवड्यात मेट्रोचा राहिलेला टप्पा आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी पट्टा सुरू झाला होता. गावाहून भंडारा रोडनं आला, प्रजापतीनगरला मेट्रोत बसला, सीताबर्डीला गाडी बदलली आणि खापरीला उतरला. पुढे मिहानच्या आत जायला रिक्षा मिळेना, म्हणून उन्हात चालत आला. गेटवर गार्डनं अडवलं, कारण त्याचं ओळखपत्र कधी बनलंच नव्हतं. मी खाली गेलो. मला पाहून त्याचं पहिलं वाक्य, "सर, तुम्ही एवढे उंच आहात?" सोळा महिन्यांत त्यानं मला खांद्याच्या खाली पाहिलेलंच नव्हतं.

लॅपटॉप, चार्जर, हेडफोन जमा केले, सह्या झाल्या. निघता निघता तो आमच्या फ्लोअरच्या दारात थांबला. खुर्च्यांच्या रांगा पाहत होता. म्हणाला, "माझी जागा कोणती राहिली असती, सर?" मी खिडकीजवळची एक खुर्ची दाखवली. उगाच. ती कोणाचीच नव्हती.

मग वर्धा रोडवरच्या ठेल्यावर तर्री पोहे खायला नेलं. तिथे तो बोलला, तेवढा सोळा महिन्यांत बोलला नव्हता. घरात नेटवर्क एकाच कोपऱ्यात यायचं, धान्याच्या कणग्यांजवळ. आई ताट तिथेच आणून द्यायची. माउस थांबला की हिरवा दिवा पिवळा होतो, तो होऊ नये म्हणून उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं माउस. मी विचारलं, मग सर्वेक्षणात पाचपैकी पाच का भरत होतास? म्हणाला, "आधी वाटे, कमी भरलं तर कोणी फोन करून विचारन. मंग मंग वाटे, कमीच भरून पाहू, कोणी फोन तरी करन. एकदा दोन भरलं, सर." मी म्हटलं, अरे, ते निनावी असतं, कोणी भरलं ते कळत नाही. त्यानं तर्रीतला हरभरा चमच्यानं बाजूला सारला. "मंग भरायचं कशाले?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा.

गॅलप ही संस्था जगभर नोकरदारांची पाहणी करते, तिचे अहवाल तुम्ही प्रत्येक टाउनहॉलच्या स्लाइडवर लावता. २०२५ मध्ये त्यांनी जे छापलं ते मात्र कुठल्याच स्लाइडवर दिसलं नाही. पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांत कामाशी जोडलेले लोक ३१ टक्के. ज्यांचं काम घरून होऊ शकतं पण जे ऑफिसात जातात, त्यांच्यात २३. तुमच्या भाषेत घर जिंकलं. पण 'आयुष्य एकंदरीत बरं चाललंय' म्हणणारे घरच्यांत ३६ टक्के आणि ऑफिसवाल्यांत ४२. थोडं घर, थोडं ऑफिस असणाऱ्यांतही ४२. म्हणजे एकाच माणसाचे दोन आकडे उलट दिशेला चाललेत, आणि तुम्ही त्यांची सरासरी काढून त्याला आनंद म्हणता.

मी घरी नवं टेबल आणलं तेव्हा आईला तिचं मशीन परत मिळालं. पावणेदोन वर्षांनी ती उशीचे अभ्रे शिवायला बसली. थोड्या वेळानं हाक मारली, "हे पाह्य. वरून टाका कसा सरळ दिसते. आता कापड उलटं कर." उलटं केलं तर खाली दोऱ्याचा हा गुंता. बॉबिन नीट बसली नसली की असं होतं म्हणे, मशीन चालत राहतं आणि वरून काही कळत नाही. तिला मला काही शिकवायचं नव्हतं, मशीन मी बिघडवलं एवढंच दाखवायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चला, मग ठरलं, बोलवा सगळ्यांना पाच दिवस. थांबा.

आमच्याच टीममध्ये मानेवाड्याची एक जण आहे. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस. भाऊ बाहेरगावी. तिचा साडेदहाचा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, कित्येकदा डायलिसिस सेंटरच्या पायऱ्यांवरून होतो, मागे ट्रॉलीचा आवाज येतो आणि ती आदल्या दिवशीचे बग एकेक करून सांगत असते. दोन वर्षांत तिचं एक काम उशिरा आलेलं नाही. तुमचा मेल आल्यावर मी तिला फोन केला. म्हणाली, "सुखी-बिखी जाऊ द्या हो सर, नोकरी आहे म्हणून बाबांचं होऊन राह्यलं." एक तारखेपासून तिला काय करता येईल? काहीच नाही. ती सोडेल, आणि तुमच्या फाइलमध्ये कारण लिहिलं जाईल 'वैयक्तिक'.

आणि इतकं करून तिची बढती दोनदा हुकली. कारण दिलं, 'व्हिजिबिलिटी' कमी पडते. त्या शांघायच्या प्रयोगातही हेच दिसलं होतं: कामाच्या मानानं पाहिलं तर घरच्यांना बढत्या कमी मिळाल्या. डोळ्यांआड म्हणजे यादीतून बाद. ही खोड घराची नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या नजरेची आहे.

ऑफिसात बोलावून काय होतं, तेही सांगतो. गेल्या बुधवारी मी आमच्या फ्लोअरवर डोकी मोजली. चौदा माणसं. त्यांतली अकरा कानाला हेडफोन लावून पुणे, बेंगळुरू नाहीतर अमेरिकेशी बोलत होती. दोघं शेजारीशेजारी बसून एकाच मीटिंगमध्ये होते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमधून घुमायला लागला, म्हणून एक जण उठून जिन्यात जाऊन बसला. दिघोरीहून येतो तो. सकाळी साडेसातला निघाला होता, कशासाठी, तर मिहानच्या जिन्यात बसून पुण्याशी बोलायला. ज्याची टीमच इथे नाही त्याला इथे बोलावणं म्हणजे वरात एका गल्लीत आणि मांडव दुसऱ्या. नागपूरच्या बहुतेक शाखांचं हेच दुखणं आहे, आणि पुण्या-मुंबईत बसून हाजरीचे नियम लिहिणाऱ्यांना ते दिसत नाही.

पण त्याच दुपारी चारला चहाच्या वेळी दुसरं काही घडलं. नवी मुलगी तीन दिवस एका अडचणीवर चॅटवर डोकं फोडत होती. आमच्या टीममधलं एक जुनं खोड त्या दिवशी योगायोगानं आलं होतं. तो हातात कप घेऊन तिच्या मागून जात होता, स्क्रीन पाहून थबकला आणि म्हणाला, "हे असं काऊन केलं?" अकरा मिनिटांत सुटलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कुठे पाहतो, कोणता लॉग आधी उघडतो, काय दुर्लक्षित करतो, हे तिनं पाहिलं. ते चॅटवर कोणी लिहून देत नाही, कारण त्याला स्वतःलाही ते माहीत नसतं.

माझ्या बाजूच्या विरोधात जाणारा एक पुरावा मीच देतो, तो आपल्या देशातला आहे. चेन्नईत डेटा एंट्रीच्या नव्या कामगारांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे काहींना घरी बसवलं, काहींना ऑफिसात. घरच्यांचं काम १८ टक्के कमी भरलं. त्यातला दोनतृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला आणि बाकीचा हळूहळू वाढत गेला, कारण ऑफिसातले लवकर शिकत गेले. शांघायचे लोक काम शिकलेले होते, चेन्नईचे नवे होते. आमचा साकोलीचा पोरगा चेन्नईच्या रांगेतला होता आणि मी त्याला शांघायच्या रांगेत बसवलं. मानेवाड्याच्या तिला तुम्ही उलट, शांघायच्या रांगेतून उठवून चेन्नईच्या रांगेत बसवताय.

मायक्रोसॉफ्टनं आपल्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या मेल-मीटिंगांचा अभ्यास २०२१ मध्ये छापला, त्यात दिसलं की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या टीमपुरते बोलायला लागले, बाजूच्या टीमशी धागे तुटले. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीतच असेल.

तर मागणं काय?

पाच दिवसांचा फतवा मागे घ्या आणि दिवस टीमला ठरवू द्या, पण टीमचे दिवस एकच असू द्या. मी मंगळवारी आणि तुम्ही गुरुवारी, यात कोणाची भेट होते? सीट्रिपच्याच कंपनीनं, आता तिचं नाव ट्रिपडॉटकॉम आहे, १,६१२ लोकांवर दुसरा प्रयोग केला. बुधवार-शुक्रवार घरी, बाकी तीन दिवस ऑफिस. २०२४ मध्ये निकाल छापून आला: नोकरी सोडणारे एकतृतीयांशानं घटले, कामाच्या मूल्यांकनात आणि बढत्यांत पुढच्या दोन वर्षांतही फरक पडला नाही. आधी नाकं मुरडणाऱ्या मॅनेजरांचं मतही प्रयोगानंतर पालटलं. नागपूरसाठी मी एवढंच जोडीन की मे महिन्यात हे गणित आणखी सैल करा. दुपारी बाराला खापरी स्टेशनातून बाहेर पडून दाखवा, मग बोलू.

नव्या पोरांना पहिलं वर्ष ऑफिसात बसवा, मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. पण त्यांना शिकवणारे जुने लोक त्याच दिवशी तिथे हवेत. नाहीतर वऱ्हाड मांडवात आणि भटजी झूमवर. आणि पहिल्याच दिवशी त्यांचं ओळखपत्र बनवा, मग ते महिन्यातून दोनदा येवोत की वीसदा.

हिरव्या दिव्याची हाजरी बंद करा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या पीडांचे बडगे, म्हणजे पुतळेच, असतात. पुढच्या वर्षी हिरव्या दिव्याचा बडगा काढायचं आमच्या ग्रुपवर ठरून राह्यलं. हा दिवा काम मोजत नाही, माउस मोजतो. साकोलीच्या कणगीजवळ तो सोळा महिने जळत होता आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

बढत्यांच्या यादीवर सही करण्याआधी एकदा मोजा, घरून काम करणाऱ्यांपैकी किती जण तिच्यात आहेत. फक्त मोजा. मोजायची तर तुम्हाला आवडच आहे.

संध्याकाळचं काय? क्लायंट अमेरिकेचा म्हणजे रात्रीचे कॉल येणार, हे आम्हाला मान्य आहे. मग दुसऱ्या दिवशीची सकाळ आमची. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून तसा कायदाच लागू आहे. आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल, तोवर एक परिपत्रक काढायला तुम्हाला कोणी अडवलंय?

आणि एक राहिलं. जे कायदे आधीपासून आहेत ते तरी लोकांना सांगा. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती लाभ कायद्यात आलं, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, की काम तसं असेल तर बाळंतपणाच्या रजेनंतरही आपसात ठरवून घरून काम करता येतं, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. आमच्या फ्लोअरवरच्या बायकांना विचारलं, पहिली गोष्ट एकीलाही माहीत नव्हती. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. म्हणजे रात्री अकराच्या व्हिडिओ कॉलवर कोणी वावगं बोललं तर "ते ऑफिसात घडलं नाही" ही पळवाट चालत नाही. हे तुमच्या नव्या कर्मचाऱ्यांच्या पुस्तिकेत छापा. आणि मिहानमधल्या ज्या कंपन्या अजून 'सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) नियमात बसत नाही' म्हणतात, त्यांच्या माहितीसाठी: २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारनं सेझच्या नियमांत ४३अ घालून घरून कामाला वाट करून दिली. द्यायचं नसेल तर देत नाही म्हणा, नियमाच्या आड लपू नका.

माझा फॉर्म अजून भरायचा आहे. एकवीस उत्तरं झालीत. सातव्याचा रकाना कोरा आहे, कारण पुण्याच्या फ्लॅटपासून मशीनच्या फळीपर्यंत आणि तिथून मिहानपर्यंत मी कायम गुंतलेला होतो, त्याला पाचच द्यावे लागतील. आणि ते पाच पाहून तुम्ही खूश व्हाल. म्हणून विनंती: गुरुवारपर्यंत तो प्रश्न बदला. 'तुम्ही इथे रमता का?' एवढंच विचारा. खाली चार ओळी लिहायला जागा ठेवा, आणि ज्याला लिहायचं असेल त्याला नाव लिहू द्या.

मी लिहीन. आणि 'दोन' भरलं, तर फोन करू नका. बुधवारी साडेचारला मी गेटबाहेरच्या टपरीवर असतो, तिथे या. चहा माझ्याकडून.

आपला,
रेशीमबागेतला एक टीम लीड